होम थिएटर रिसीव्हर आणि घरभर स्पीकर : बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

टिळकवाडीतला बंगला असो की नंदगडचं कौलारू घर, फोन बहुतेक वेळा रंगकाम संपल्यावरच येतो. "आता स्पीकर बसवायचेत, वायर कुठून न्यायची?" तोवर भिंती बंद झालेल्या असतात. रिसीव्हर आठ-दहा वर्षांनी बदलता येतो, भिंतीतली वायर मात्र घराइतकीच जुनी होत जाते. म्हणून इथं रिसीव्हरपेक्षा वायरीवर जास्त लिहिलंय. घर अजून बांधून व्हायचं असेल तर बाकी सगळं ठेवा आणि आधी प्रश्न ६ वाचा.

१. रिसीव्हर म्हणजे नेमकं काय? टीव्हीला साउंडबार आहे, मग हा वेगळा डबा कशाला?

एव्ही रिसीव्हर एका डब्यात तीन कामं करतो. सेट-टॉप बॉक्स, गेम, प्लेअर यांचं चित्र आणि आवाज एचडीएमआयनं आत घेतो, डॉल्बी किंवा डीटीएसचा आवाज वेगवेगळ्या चॅनेलमध्ये सोडवतो आणि प्रत्येक चॅनेलसाठी वेगळा ॲम्प्लिफायर चालवतो. साउंडबारमध्ये ही सगळी कामं एका पट्टीत कोंबलेली असतात. दहा बाय दहाच्या खोलीत फक्त बातम्या आणि मालिका बघायच्या असतील तर साउंडबार पुरतो, रिसीव्हर घेऊ नका. पण स्पीकर हळूहळू वाढवायचे असतील, दुसऱ्या खोलीतही गाणी हवी असतील, किंवा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता यावा असं वाटत असेल, तर रिसीव्हर घ्या.

२. ५.१, ७.२, ५.१.२ हे आकडे कसे वाचायचे?

पहिला आकडा कानाच्या उंचीवरच्या स्पीकरांचा, दुसरा सबवूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचा, आणि तिसरा असलाच तर छताकडच्या स्पीकरांचा. ५.१ म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, मागच्या बाजूला दोन सराउंड, आणि एक सबवूफर. ५.१.२ मध्ये त्यात वरचे दोन येतात.

फसगत होते ती '७.२' मध्ये. कमी किमतीच्या रिसीव्हरमधल्या '.२' चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की सबवूफरची एकच लाईन दोन सॉकेटांवर काढलेली आहे. दोन्ही सबवूफरचं वेगळं मोजमाप आणि वेगळी वेळ हवी असेल तर ती सोय आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आणि सात चॅनेलचा रिसीव्हर ७.१ किंवा ५.१.२ यापैकी एकच चालवतो. दोन्ही एकदम हवे तर नऊ चॅनेल लागतात.

३. हॉल बारा बाय पंधराचा आहे. किती वॉटचा रिसीव्हर घेऊ?

वॉटचा आकडा बघण्याआधी तो कसा मोजलाय ते बघा (त्यातला ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध). 'दोन चॅनेल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, ०.०८ टक्के विकृती' असं लिहिलेलं असेल तर तो आकडा खरा धरायचा. 'एक चॅनेल, १ किलोहर्ट्झ, ६ ओहम, १० टक्के विकृती' असेल तर तोच रिसीव्हर कागदावर दीडपट-दुप्पट दिसतो. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा तर बघूच नका.

आता हिशेब. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. म्हणजे ८० वॉट आणि १०० वॉट यांत जेमतेम १ डेसिबलचा फरक, आणि तेवढ्यासाठी लोक हजारो रुपये जास्त मोजतात. स्पीकरची संवेदनशीलता ८८ डेसिबल असेल तर १ वॉटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल मिळतात. तीन मीटरवर बसलात तर त्यातले आठ-नऊ कमी होतात. तरी ३२ वॉटवर ९५ च्या आसपास आवाज येतो, म्हणजे शेजारी दार वाजवतील एवढा. बारा बाय पंधराच्या हॉलला खरे ७०-८० वॉट भरपूर झाले. उरलेले पैसे स्पीकरवर घाला.

४. बजेट ठरलेलं आहे. रिसीव्हरवर जास्त घालवू की स्पीकरवर?

स्पीकरवर. चांगला स्पीकर वीस वर्षं टिकतो, रिसीव्हरमधली एचडीएमआय पाच वर्षांत जुनी होते. त्यातही समोरचे तीन स्पीकर चांगले घ्या, कारण सिनेमातले संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येतात. 'संवाद कळत नाहीत, मारामारी मात्र मोठ्यानं ऐकू येते' ही तक्रार स्वस्तातल्या मधल्या स्पीकरची असते.

५. दुकानात रिसीव्हरच्या मागची बाजू बघायला सांगता. तिथं काय बघायचं?

पहिली गोष्ट, एचडीएमआय आउटवर एआरसी लिहिलंय की ईएआरसी. टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून रिसीव्हरला परत आणायची ही सोय. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये आलं, ईएआरसी २०१७ च्या २.१ मध्ये. टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमे बघत असाल तर साधं एआरसीही पुरतं. ओटीटीवरचं ॲटमॉस (वरच्या स्पीकरमधूनही येणारा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं आणि ते एआरसीतून जातं. ब्लू-रे प्लेअर टीव्हीला जोडून ट्रूएचडीचा (डॉल्बीचा दर्जा न घटवलेला) आवाज रिसीव्हरला न्यायचा असेल तेव्हाच ईएआरसी लागतं. प्लेअर थेट रिसीव्हरला जोडलात तर तेही लागत नाही.

दुसरं, 'झोन २' (दुसऱ्या खोलीसाठीची वेगळी लाईन) अशी पाटी आणि प्री-आउटची, म्हणजे वेगळ्या ॲम्प्लिफायरला नुसता सिग्नल देणारी, लाल-पांढरी सॉकेटं. एकापेक्षा जास्त खोल्यांचा विचार असेल तर हे नसलेला रिसीव्हर घेऊ नका (प्रश्न १०). तिसरं, खोलीचं मोजमाप घेणारा मायक्रोफोन डब्यात आहे ना. डेनॉनमध्ये त्याला ऑडिसी म्हणतात, यामाहात वायपीएओ, ओंक्योत ॲक्युईक्यू. नाव काहीही असो, तो मायक्रोफोन हातात धरून मोजू नका. बसल्यावर कान जिथं येतो त्या उंचीवर स्टँडला लावा, पंखा बंद करा, मिक्सर बंद करा.

बिल पक्कं घ्या. कोल्हापूरहून किंवा पुण्याहून आणणार असाल तर सर्व्हिस बेळगावात मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

६. घर बांधायलोय. स्लॅब पडलाय, गिलावा व्हायचाय. आत्ता काय काय करून ठेवू सांगा की ओ.

हा फोन आला की मला मनापासून बरं वाटतं, कारण गिलाव्याआधी दोन दिवसांत होणारं काम नंतर पंधरा दिवसांत होत नाही, आणि झालं तरी भिंतीवर पट्टी दिसते.

आधी रिसीव्हरची जागा ठरवा. टीव्हीखालचं कपाट चालेल, जिन्याखालची कोरडी जागाही चालेल. घरातल्या प्रत्येक स्पीकरची वायर तिथूनच निघाली पाहिजे, सलग, मध्ये कुठंही जोड न देता. वायरमनला लाईटच्या पॉइंटसारखं एका खोलीतून दुसरीत वायर फिरवायची सवय असते. त्याला समोर बसवून समजावा : स्वयंपाकघराची वायर वेगळी, माडीवरच्या खोलीची वेगळी, सोप्यातली वेगळी. वायर थोडी जास्त लागेल, पण उद्या कुठला स्पीकर कशाला जोडायचा हे तुमच्या हातात राहील.

स्पीकरसाठी २५ मिलिमीटरचा पाईप घाला. रिसीव्हरपासून टीव्हीपर्यंत मात्र ४० मिलिमीटरचा, कारण एचडीएमआयचं टोकच सुमारे २० मिलिमीटर रुंद असतं आणि लहान पाईपच्या वळणात ते अडकतं. काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचे बेंड घाला. प्रत्येक पाईपमध्ये एक नायलॉनची दोरी ओवून ठेवा. आज वायर ओढली असली तरी दोरी राहू द्या, पुढची वायर तिलाच बांधून ओढायची असते.

२३० व्होल्टची वायर आणि स्पीकरची वायर एका पाईपमध्ये कधीही घालू नका. घरघर येते हे एक कारण, पण मुख्य कारण सुरक्षिततेचं आहे. दोन्ही समांतर जाणार असतील तर निदान एक फूट अंतर ठेवा, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. प्रत्येक खोलीत एक नेटवर्कची कॅट-६ वायरही न्या. सबवूफरच्या जागी तीन पिनचा पॉइंट आणि सिग्नल न्यायला एक कोॲक्स (डिशच्या वायरीसारखी) वायर हवी. जागा ठरत नसेल तर दोन कोपऱ्यांत पॉइंट करा.

खानापूर, जांबोटीकडं भिंती जांभ्याच्या असतात. जांभ्यात झिरी पटकन मारता येते, पण कडा ढासळतात आणि साधा प्लग धरत नाही. स्पीकरचा ब्रॅकेट येणार तिथं दगड थोडा कोरून सिमेंटनं भरून घ्या, नाहीतर वर्षभरात स्क्रू हलायला लागतो.

शेवटचं आणि फुकटचं काम : गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून मोबाईलवर फोटो काढा. पुढं खिळा ठोकताना हाच फोटो कामाला येतो. वायरींना नावं घालू नका, आकडे घाला. वायरमन कन्नड वाचणारा असो की मराठी, १ ते १० सगळ्यांना कळतात.

७. कोणती वायर, किती जाडीची?

तांब्याची. जाडी लांबीवर ठरते. एक सोपा नियम धरा : जाऊन-येऊन वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. ८ ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा ०.४ ओहम होते. त्या हिशेबानं रिसीव्हरपासून स्पीकरपर्यंत १ चौरस मिलिमीटरची वायर सुमारे १० मीटर चालते, १.५ ची १५ मीटर, २.५ ची २५ मीटर आणि ४ ची ४० मीटर. स्पीकर ४ ओहमचा असेल तर हे सगळे आकडे निम्मे करा. सणासुदीला मिळणारी बारीक लाल-काळी वायर जेमतेम अर्ध्या चौरस मिलिमीटरची असते. ती पाच मीटरच्या पुढं वापरू नका.

अंतर सरळ रेषेत मोजू नका. भिंतीवरून वर, छतावरून आडवं, पुन्हा खाली, असं मोजा. बारा फुटांच्या हॉलमधला मागचा स्पीकर सहज १२ मीटरवर जातो.

महागड्या वेष्टणातली 'स्पेशल ऑडिओ' वायर हवीच असं नाही. घरकामाची १.५ किंवा २.५ ची चांगली तांब्याची लवचिक वायर, दोन रंग एकत्र पीळ देऊन, तितकंच काम करते. मी स्वतःच्या घरात तीच घातली आहे.

८. दुकानात त्याच जाडीची वायर अर्ध्या किमतीत मिळते. घ्यावी का?

ती बहुधा आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा अशी असते. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, म्हणजे वरच्या मर्यादा दोन-तृतीयांशावर येतात. शिवाय ती वाकवताना तुटते आणि स्क्रूखाली सैल पडते. ओळखायची रीत सोपी आहे : एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरट चमक दिसली तर ते तांबं नव्हे. गुंडाळी हातात घेतली तरी हलकी लागते. भिंतीच्या आत घालायला ही वायर घेऊ नका.

९. लाल-काळं उलटं झालं तर काय बिघडतं? स्पीकर जळतो का?

जळत नाही. पण एक स्पीकर पुढं ढकलत असताना दुसरा मागं ओढतो, आणि खर्ज नाहीसा होतो. गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता कुठूनतरी विखुरल्यासारखा येतो. लोक यासाठी रिसीव्हर परत न्यायला निघतात.

वडगावातल्या एका घरात आम्ही छतातले स्पीकर जोडत होतो. वर चढलेला वायरमन घरी कन्नड बोलणारा. कन्नडमध्ये लाल म्हणजे केंपु आणि काळा म्हणजे कप्पु. शेजारच्या घरात माग चालू होते, त्या खटखटाटात त्यानं वरून 'केंपु' म्हटलं ते मला 'कप्पु' ऐकू आलं. चारपैकी दोन स्पीकर उलटे लागले. तेव्हापासून रंग तोंडानं सांगायचा नाही, लाल वायरीच्या टोकाला गाठ मारायची, असं आम्ही ठरवलं.

शंका असेल तर घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या. रिसीव्हरकडची दोन्ही टोकं रिसीव्हरमधून काढा आणि क्षणभर सेलला टेकवा, लाल टोक प्लसला. खट् असा आवाज होऊन वूफरचा पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर आहे, आत गेला तर उलटी.

१०. स्वयंपाकघरात आणि माडीवरही गाणी हवीत. दुसरा रिसीव्हर घ्यावा लागेल का?

एका जास्तीच्या खोलीसाठी नको. सात चॅनेलच्या बहुतेक रिसीव्हरमध्ये शेवटचे दोन ॲम्प्लिफायर झोन २ ला देता येतात. मग हॉलमध्ये ५.१ राहतं आणि स्वयंपाकघरात स्टीरिओची एक जोडी वाजते. आवाज वेगळा कमी-जास्त होतो, गाणंही वेगळं लावता येतं. म्हणजे हॉलमध्ये नातवंडं सिनेमा बघतील आणि सकाळची भक्तिगीतं स्वयंपाकघरात चालू राहतील. हॉलमध्ये सातही चॅनेल हवे असतील तर झोन २ चं प्री-आउट वापरून लहानसा वेगळा ॲम्प्लिफायर लावा.

दोनपेक्षा जास्त खोल्या असतील तर मी रिसीव्हरवर भार टाकत नाही. प्रत्येक खोलीला वायफायवर चालणारा स्ट्रीमर (नेटवरून गाणी घेणारा भाग) असलेला छोटा ॲम्प्लिफायर द्या. तो मोबाईलवरून चालतो आणि एक बिघडला तर बाकीच्या खोल्या चालू राहतात. यामाहाचं म्युझिककास्ट आणि डेनॉनचं हिओस यांत त्याच कंपनीचा रिसीव्हरही त्या खोल्यांबरोबर एकत्र वाजू शकतो. सगळे ॲम्प्लिफायर रिसीव्हरच्याच कपाटात ठेवायचे, वायरी प्रश्न ६ प्रमाणे आधीच तिथं आलेल्या असतात.

दोन भाऊ दोन मजल्यांवर राहत असतील तर एक सिस्टीम दोघांत वाटून घेऊ नका. वायरी एकत्र आणा, यंत्रं वेगळी ठेवा.

११. झोन २ ला टीव्हीचा आवाज येईना. बिघडलंय का?

बहुतेक वेळा नाही. बऱ्याच रिसीव्हरमध्ये झोन २ ला ॲनालॉग सॉकेट, नेटवर्क, यूएसबी आणि ब्लूटूथ एवढंच जातं. एचडीएमआय किंवा ऑप्टिकलमधून आलेला डिजिटल आवाज जात नाही. काही रिसीव्हरमध्ये 'सगळ्या झोनला स्टीरिओ' अशी सोय असते, ती चालू केली की हॉलमधलाच आवाज तिकडे जातो. नसेल तर सेट-टॉप बॉक्सची लाल-पांढरी ॲनालॉग वायर रिसीव्हरला जोडा आणि झोन २ वर तो इनपुट निवडा.

१२. एकाच सॉकेटावर चार स्पीकर जोडले तर काय होतं?

८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २ ओहम. बहुतेक रिसीव्हर ६ ते ८ ओहमसाठी असतात, काही ४ सोसतात. २ ओहमवर रिसीव्हर तापतो, प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो, आणि असंच रोज झालं तर एक दिवस कायमचा बंद पडतो. 'ए + बी' स्पीकरचं बटण दाबलं तरी बऱ्याच वेळा हेच होतं, म्हणून तिथं दोन्ही जोड्या ८ ओहमच्या असाव्यात.

जास्त जोड्या एकाच ॲम्प्लिफायरवर चालवायच्याच असतील तर इम्पिडन्सचं (म्हणजे ओहम फार खाली न जाण्याचं) संरक्षण असलेला स्पीकर सिलेक्टर मिळतो. प्रत्येक खोलीत आवाजाचं बटण हवं असेल तर तेही ट्रान्सफॉर्मरवालं, इम्पिडन्स जुळवणारं घ्या. पंख्याचा रेग्युलेटर लावून आवाज कमी करणारे लोक मला भेटले आहेत. कृपया तसं करू नका.

१३. मळ्यातलं घर आहे. अंगण, गोठा, परडं धरून स्पीकर साठ-सत्तर मीटरवर जातात. वायर किती जाड घालू?

इथं जाडी वाढवत बसण्यात अर्थ नाही, पद्धतच बदला. देवळात आणि मंगल कार्यालयात वापरतात तो १०० व्होल्ट लाईनचा ॲम्प्लिफायर घ्या. १० वॉट पोचवायला ८ ओहमच्या स्पीकरला १ अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो, १०० व्होल्टवर फक्त ०.१ अँपिअर. म्हणून लांब अंतरावरही १.५ ची वायर पुरते. प्रत्येक स्पीकरला लाईन ट्रान्सफॉर्मर हवा. सगळे समांतर जोडायचे आणि त्यांच्या वॉटची बेरीज ॲम्प्लिफायरच्या वॉटपेक्षा वीस टक्के तरी कमी ठेवायची.

दोन सावधगिरी. हे ट्रान्सफॉर्मरवाले स्पीकर घरातल्या रिसीव्हरच्या स्पीकर सॉकेटाला जोडू नका. रिसीव्हरच्या झोन २ प्री-आउटमधून लाईन ॲम्प्लिफायरला आवाज द्या. आणि १०० व्होल्टचा झटका बसतो. गोठ्यात ओल असते, जनावरं वायरीला घासतात, तेव्हा जोड उघडे ठेवू नका.

१४. घर कौलारू आहे. ॲटमॉस होईल का?

छताकडे आवाज फेकून परत आणणारे स्पीकर तुमच्या उपयोगाचे नाहीत. त्यांना सपाट, टणक, साधारण ८ ते १२ फूट उंचीचं छत लागतं. उतरत्या कौलांवरून आवाज भलतीकडे जातो आणि फटींतून बाहेरही जातो. वाशाला ब्रॅकेट मारून लहान स्पीकर बसणाऱ्याकडे तोंड करून लावा, ते चांगलं काम करतात. वायर वाशाच्या वरच्या अंगानं पाईपमधून न्या, उंदीर उघडी वायर ठेवत नाहीत.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर कौलारू घरात आधी उत्तम ५.१ करा. जुलैत कौलांवर पाऊस कोसळत असतो, तेव्हा वरच्या स्पीकरचे बारकावे ऐकूच येत नाहीत.

१५. स्पीकरमधून सारखी 'घुंऽऽ' अशी घरघर येते.

आधी रिसीव्हरच्या सगळ्या इनपुटच्या वायरी काढा. घरघर थांबली तर एकेक परत लावा. बहुतेक वेळा ती केबल किंवा डिशची वायर लावताक्षणी सुरू होते, कारण तिचं अर्थिंग एकीकडं आणि घराचं दुसरीकडं असतं. त्या फरकातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो. डिशच्या वायरीचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला नीट जोडून घेणं हा खरा उपाय. सबवूफर आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर घेतले तरी पुष्कळदा फरक पडतो. सबवूफरच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून घरघर थांबते, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती पिन जिवासाठी आहे.

१६. वळीव आणि पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

वळवाचं आभाळ भरून आलं, की रिसीव्हरचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, आणि नुसता विजेचा प्लग काढणंही पुरत नाही. एका मे महिन्यात मी घरातलं मेन स्विच बंद करून निश्चिंत बसलो होतो. कडाडून वीज पडली. दुसऱ्या दिवशी रिसीव्हर चालू झाला, दिवे लागले, रेडिओही लागला, पण एकाही एचडीएमआयवर चित्र नाही. लाट गच्चीवरच्या डिशच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयमधून रिसीव्हरच्या बोर्डात शिरली होती. आता आधी डिशची वायर काढतो, मग प्लग. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेची लाट अर्थिंगकडे वळवणारा) बसवून घ्या, पण तो चांगल्या अर्थिंगशिवाय निरुपयोगी आहे.

खानापूरच्या पश्चिमेला महिनोन् महिने ओल राहते. वायरीची उघडी टोकं हिरवी पडतात. दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला टोकं कापून, ताजं तांबं काढून परत घट्ट करा. बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची पिन) लावलेत तर हे काम क्वचितच करावं लागतं. रिसीव्हर आठवड्यातून तासभर तरी चालू ठेवा, आतली ऊब ओल घालवते. मात्र शोकेसच्या काचेआड कोंडू नका. वर चार इंच तरी मोकळी जागा हवी, आणि वर सेट-टॉप बॉक्स ठेवून झाकण बंद करायचं नाही. हवेच्या फटींतून पाल आणि मुंग्या आत जातात. मागं बारीक जाळी लावा, पण रिसीव्हरला चिकटवून नको, कपाटाला लावा.

१७. इन्व्हर्टरवर चालेल का?

प्युअर साईन वेव्ह असेल तर चालेल, स्क्वेअर वेव्हवर घरघर येते आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. रिसीव्हरच्या मागच्या पट्टीवरचे वॉट आणि सबवूफरचे वॉट इन्व्हर्टरच्या हिशेबात धरा.

१८. मुलगा अमेरिकेहून रिसीव्हर आणणार आहे, भाचा दुबईहून. कोणता घ्यावा?

दुबईत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे. फक्त प्लग चौकोनी पिनांचा असतो, तो बदलून घ्या. अमेरिकेतला १२० व्होल्टचा असतो, आपल्या पॉइंटला लावताच जळेल. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही पट्टीवरच्या वॉटच्या दीडपट तरी क्षमतेचा. वॉरंटी सहसा त्या-त्या देशापुरती असते. वाचलेले पैसे आणि ही कटकट दोन्ही तोलून बघा. मी इथलाच घ्या म्हणेन.

१९. जुन्या होम थिएटरचा डबा गेला, स्पीकर ठणठणीत आहेत. नव्या रिसीव्हरला लावू का?

स्पीकरच्या मागं ओहम बघा. एका डब्यात सगळं मिळायचं त्या होम थिएटरचे स्पीकर बऱ्याच वेळा ३ किंवा ४ ओहमचे असतात. ३ ओहमचे लावू नका (कारण प्रश्न १२ मध्ये). त्यांचा सबवूफर तर बहुतेक वेळा लावताच येत नाही. त्यात स्वतःचा ॲम्प्लिफायर नसतो आणि रिसीव्हरची सबवूफर लाईन फक्त सिग्नल देते, ताकद नाही. ८ ओहमचे असतील तर खुशाल लावा, आणि सेटिंगमध्ये 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो तो आकडा) १२० ते १५० हर्ट्झवर ठेवा. नेहमीच्या पुस्तकाएवढ्या स्पीकरना ८० हर्ट्झ योग्य असतं, या लहान डब्यांना नाही.

२०. मागचे स्पीकर ब्लूटूथचे ठेवले तर? वायर ओढायला नको.

नको. ब्लूटूथचा आवाज उशिरा येतो, पडद्यावर दार आपटतं आणि मागून नंतर ऐकू येतं. काही कंपन्या स्वतःच्याच रिसीव्हरबरोबर चालणारे बिनवायरीचे सराउंड स्पीकर देतात, ते वेळ जुळवून घेतात. पण त्यांनाही विजेचा पॉइंट लागतो, म्हणजे एक वायर आलीच.

२१. गणपतीत आरतीचा आवाज अंगणात ऐकू जावा म्हणून रिसीव्हरचे हॉलमधले स्पीकर बाहेर मांडले तर चालतील?

घरगुती आरतीसाठी, कोरड्या दिवशी, मंडपाच्या आत चालतील. मात्र सबवूफर आतच ठेवा आणि आवाज बेताचा ठेवा. मोकळ्या जागेत भिंती नसतात, त्यामुळे आवाज कमी वाटतो, माणूस बटण वाढवत जातो आणि ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग) जळतो. दर वर्षी चतुर्थीनंतरच्या आठवड्यात दुरुस्तीला येणाऱ्या स्पीकरमध्ये जळालेले ट्वीटरच जास्त असतात. रोजची सोय हवी असेल तर प्रश्न १३ मधला लाईन ॲम्प्लिफायर आणि पावसात टिकणारा स्पीकर लावा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो. सणांच्या ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, ती त्या वर्षी आहे का हे ठाण्यात विचारून घ्या.